डावा दिवा

८ जानेवारी

भावजी,

क्षेमकुशल विचारत नाही. गुडघा बदललेल्या माणसाला ‘कसे आहात’ विचारलं की तो तासभर सांगतो, आणि माझी लॉजला धुतलेल्या चादरी पोचवायची दुसरी फेरी निघायची आहे.

काम पिकअपचं आहे. डावा इंडिकेटर दिला की बंदच होत नाही. वळून झालं, रस्ता सरळ झाला, तरी टिकटिक चालूच. दांडी हाताने मागे आणावी लागते, आणि हल्ली आणली तरी परत जाते, रुसलेल्या पोरासारखी. लॉजचा वॉचमन रोज विचारतो, "बाई, वळणार आहात की नुसता विचार आहे?" इथल्या मिस्त्रीला बोलावलं, तर दारातच म्हणाला, "ही तीच गाडी ना?" तेव्हापासून त्याचं ‘उद्या येतो’ चाललंय. मिस्त्री लोक घाबरत नाहीत, एकदम बिझी होतात.

तेव्हा भाग तुम्ही तुमच्या गॅरेजमधून पाठवा, बसवीन मी. आपल्या धुलाईची मशिनं इतकी वर्षं कोण उघडत होतं ते तुम्हाला माहीत आहे. गावाला माहीत नाही, कारण तुमचे दादा हातात पाना धरून नुसते बाजूला उभे राहायचे आणि लोक पाना बघायचे.

खरं कारणही लिहिते. वर्ष होत आलं. गाडी फाट्यावर कडेला सापडली, इंजिन चालू, हे स्टीअरिंगवर डोकं टेकून, आणि डावा दिवा चालू. फाट्याला डावीकडे हायवे, उजवीकडे आपलं घर. त्यावरून लोक काय समजायचं ते समजले. डॉक्टर म्हणाले हृदय. लोक म्हणाले, हृदय बंद पडलं खरं, पण निघाला होता कुठे? त्या सकाळी मी यांना फोनवर म्हणाले होते, "एवढं बाहेरच बरं वाटतंय तर घरी येऊच नका." भांडणातली वाक्यं असतात ही, कोणी पाळायची नसतात. जन्मात माझं एक वाक्य ऐकलं, ते नेमकं हेच होतं का, एवढंच मला कळायला हवं. कळणार नाही हेही कळतं. निदान ती टिकटिक तरी थांबू दे.

फोन करू नका. तो शेवटचा फोन. त्यानंतर मी उचलत नाही. पार्सलच्या गाडीने खोकं पाठवा, त्यात चिठ्ठी टाका.

वहिनी


१४ जानेवारी

वहिनी,

गुडघा उत्तम आहे. बघा, एका वाक्यात संपवलं.

खोक्यात इंडिकेटरचा अख्खा स्विच आहे, दांडीसकट. कंपनीने हे मॉडेल बंद केलं, आणि बाजारात ‘नवा’ म्हणून जो मिळतो तो पहिल्या उन्हात मेणबत्ती होतो. म्हणून भंगारवाल्याकडे पडलेल्या तशाच एका पिकअपचा उतरवून आणला. घासला, पुसला, तपासला. स्थळ वापरलेलं आहे, पण घराणं चांगलं.

आता नीट वाचा. आधी बॅटरीची काळी वायर काढा. हॉर्नचं झाकण ओढलं की निघतं, त्यामागे मोठा नट. तो सैल करा, पण पूर्ण काढू नका, नाहीतर चाक अचानक सुटून तुमच्या नाकावर येईल. नट सैल झाला की चाक आणि ते ज्यावर बसतं तो मधला दांडा यांच्यावर मिळून खडूची एक रेघ मारा, म्हणजे परत तसंच बसेल. चाक ओढायला पुलर लागतो, तो खोक्यात आहे. हातोडी वापरायची नाही. दादाचा सगळा संसार हातोडीवर चालायचा, म्हणून मुद्दाम लिहितो. खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलंत की स्विच समोर दिसेल: काही स्क्रू, वायरींची एक जुडी, संपलं.

दांडी मागे का येत नाही, तेही सांगतो. चाकाच्या मागे एक छोटं बोंड असतं. वळून झालं, चाक सरळ होऊ लागलं, की ते बोंड दांडीच्या पात्याला टिचकी मारतं आणि दांडी मधोमध येते. करामत एवढीच. वळलात, सरळ झालात, गाडी विसरली. माणसात ही सोय कंपनीने दिलेली नाही.

जुना स्विच परत पाठवा, बघतो.

भावजी


२० जानेवारी

भावजी,

बसला. खडूची रेघ मी मारली होती, पण चाक पुसून स्वच्छ केलं तेव्हा रेघही पुसली गेली. धोब्याच्या घरात हे व्हायचंच. आता गाडी सरळ जाते तेव्हा स्टीअरिंग तिरकं असतं. मला वाईट वाटत नाही. तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे, अशा माणसाबरोबर वीस वर्षं काढली आहेत.

इंडिकेटर मात्र गुणी निघाला. लागतो, वळतो, विझतो. वॉचमनला करमेनासं झालंय.

जुना स्विच याच खोक्यात आहे. बघा हवा तर, पण नंतर फोडून टाका. हातोडीने. दांडीच्या टोकावर यांच्या अंगठ्याने झिजून खळगा पडलाय, त्यात माझा अंगठा बसत नाही.

वहिनी


२९ जानेवारी

वहिनी,

जुना स्विच उघडला. टिचकी खायचं पातं डाव्या बाजूने पार झिजलंय. म्हणजे दादाच्या वेळीही डावा दिवा लागला की लागलेलाच राहत असणार. आता आठवा, त्या दिवशी तो साबणाची पोती आणायला डेपोत गेला होता. डेपोच्या फाटकातून बाहेर पडायला डावीकडेच वळावं लागतं, दुसरा मार्गच नाही. तिथे दिवा लागला, आणि हाताने मागे आणेपर्यंत तो लागून राहिला. बरं वाटेनासं झाल्यावर गाडी कडेला घेणारा माणूस दांडी कशाला बघेल? फाट्यावर तो दिवा पुढचं सांगत नव्हता वहिनी, मागचं सांगत होता.

स्विचची विल्हेवाट हुकमाप्रमाणे लावतो.

भावजी


६ फेब्रुवारी

भावजी,

तुम्ही यांचे धाकटे भाऊ आहात आणि मला बरं वाटावं म्हणून पातंच काय, अख्खी गाडी झिजवाल. दिवा मागचं सांगत होता, मान्य. मग पुढचं कोण सांगणार? माझा प्रश्न होता तिथेच आहे.

आणि तुमचं ते चांगलं घराणं. ते जरा तपासा.

नदीवरचा पूल ओलांडला की हॉस्पिटलला चादरी द्यायला मला सरळ जायचं असतं. तिसऱ्या डाव्या वळणाच्या थोडं आधी दांडी आपोआप डावीकडे पडते. पहिल्यांदा वाटलं, माझा पदर अडकला. दुसऱ्यांदा पदर मांडीखाली दाबून बसले होते. बाकी गावभर ती शहाणी असते. फक्त तिथेच पडते, आणि तिथे पडली की स्वतः मागे येत नाही, हाताने ओढावी लागते. ओढताना जड लागते, जणू पलीकडूनही कोणी धरलीय.

परवा म्हटलं, जाऊन तरी बघू काय आहे ते. वळले. बोळ आहे, आणि बोळाच्या शेवटी बर्फाच्या कारखान्याची भिंत. खिडकी नाही, दार नाही. भिंतीपुढे गाडी उभी केली तर टिकटिक आणखी जोरात यायला लागली. घराशी पोहोचलेलं जनावर कसं ओरडतं, तशी.

वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

पुलाच्या जोडावर गाडी आदळते, स्प्रिंग सैल असली की दांडी पडते. यात घराणं आणू नका. नवी स्प्रिंग पाठवतोय, आणि टिकटिक करणारा फ्लॅशरही, म्हणजे तो डबा बदलला की आवाजाचंही समाधान होईल. आमच्या धंद्यात भूत नसतं, लूज कनेक्शन असतं. भूत असतं तर त्याचंही बिल लावलं असतं.

चाकही सरळ करून घ्या बरं.

भावजी


१७ फेब्रुवारी

भावजी,

स्प्रिंग बदलली, फ्लॅशर बदलला, चाकही सरळ केलं. काल भर दुपारी परत त्या भिंतीपुढे उभी होते, टिकटिक चालू. इंजिन बंद केलं, किल्ली काढली. चालू. खाली उतरले, बॉनेट उघडलं, बॅटरीची काळी वायर काढून हातात धरली.

वायर माझ्या हातात होती, भावजी, आणि डावा दिवा लागत होता, विझत होता. कारखान्याच्या भिंतीवर त्याचा पिवळा उजेड पडत होता. लूज कनेक्शन कुठलं ते तुम्ही शोधा. मला भीती वाटली नाही म्हणणार नाही, पण जास्त वाटली ती दया. कोणीतरी दार वाजवतंय आणि मी त्याला भलत्याच घरी घेऊन आलेय, असं काहीतरी.

ती पिकअप कोणाची होती, विचारा.

वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

काठी घेऊन भंगारवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "ती होय? पाववाल्याची." पहाटे पाव वाटून सकाळी घरी परतायचा. पुलावर चढण्याआधी मागून ट्रकने ठोकलं, तो जागच्या जागी गेला. पुढचा भाग शाबूत राहिला म्हणून स्विच विकता आला. भंगारवाल्याला कोणी मेल्याचं दुःख फक्त बंपरपुरतं असतं.

"घर कुठे?" म्हटलं.

"आपल्याच गावात. पूल ओलांडलास की तिसरं डावं वळण."

मी हसलो, वहिनी. घाबरलो की मी हसतो. मग रिक्षा केली आणि गेलो.

आमच्या इथल्या बोळाच्या शेवटी भिंत नाही, एक बैठं घर आहे. फाटकाच्या दोन्ही झडपा उघड्या, वाऱ्याने मिटू नयेत म्हणून दोन्हीकडे दगड लावलेले. त्याची आई पायरीवर बसली होती. शेजारीण म्हणाली, फाटक तिने तेव्हापासून लावलेलं नाही, कुत्री येतात, मांजरं येतात, लावू देत नाही.

मी म्हटलं, गाडीच्या कामाचा माणूस आहे. तिने बसायला पाट दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वळायच्या आधी त्याची टिकटिक यायची मला इथवर. पोळी तव्यावर टाकायची ती ऐकूनच. मधे बंद झाली होती. आता महिनाभर परत येतेय, पण गाडी येत नाही. लांबून येते. मधे भिंत असल्यासारखी."

भिंतीचं मी तिच्याशी काही बोललो नव्हतो.

या पत्रात विनोद सापडला तर कळवा.

भावजी


२ मार्च

भावजी,

पार्सलने स्विच पाठवा म्हणाल तर पाठवणार नाही. इतक्या लांबून खोक्यात बंद करून कोणाला घरी पाठवू नये. रविवारी मीच गाडी घेऊन निघते. बोळ कुठला ते विचारत नाही. सांगणारा गाडीत आहे.

वहिनी


९ मार्च

भावजी,

रागावू नका, तुमच्या गावात येऊन तुमच्याकडे न येता परतले. तुम्ही काहीतरी विनोद केला असता आणि मला तो चालला नसता.

तुमचा पूल ओलांडला. दांडी पडली. या वेळी जड लागली नाही. उलट चाकच हलकं झालं, माझे हात नुसते वर ठेवलेले. फाटकातून गाडी आत घेतली तेव्हा ती बाई पायरीवरून उठत होती. मी इंजिन बंद केलं, किल्ली काढून मांडीवर ठेवली, चाकाला हात लावला नाही. टिकटिक चालूच होती. ती चालत आली, ओल्या हाताने बॉनेटवर थोपटलं आणि म्हणाली, "किती तापवलंस. एवढा उशीर?"

आणि दांडी स्वतःहून मागे आली. टक् झालं आणि शांत. तुमचं बोंड नाही, टिचकी नाही, काही नाही.

मग तिने मला बघितलं. "ही कोण?" म्हणाली, मला नव्हे, शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून. उत्तर ऐकल्यासारखं करून मान हलवली. "बरं. आत ये, पाणी घे." मला काय समजली कोण जाणे. मी खोडून काढलं नाही. पाणी प्यायले, गरम पोळी खाल्ली. ताटं तीन मांडली होती.

मी गाडी बाहेर काढली तसे तिने दगड सरकवले आणि फाटक लावून घेतलं. परतताना तोच पूल, तेच वळण. दांडी हलली नाही. आता तो स्विच नुसता स्विच आहे.

वाटभर मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते. आपला जुना कुठे आहे? खळगा पडलेला? फोडलात ना, भावजी?

वहिनी


४ एप्रिल

वहिनी,

उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर गैरसोयीचं आहे.

गॅरेजवाल्याने वापरता येणारी वस्तू फोडली, असं तुम्ही कधी ऐकलंय? आम्ही बाप गेल्यावर त्याचा चष्मासुद्धा ‘काच बरी आहे’ म्हणून ठेवतो. त्या स्विचला मी दुसरं पातं बसवलं आणि एका पिकअपवाल्याच्या गाडीत घातला. खुर्च्या-टेबलं वाहतो, परगावचा. कुठला, ते विचारलं नाही. नंबर टिपून ठेवायची सवय दादाची, माझी नव्हे. पातंही काही खास बसलं नव्हतं. झिजल्या खाचेत नवं पातं किती टिकणार? सांगितलं त्याला, डावा दिवा लागून राहिला तर हाताने काढ.

तुमचं पत्र आल्यापासून जितके ड्रायव्हर ओळखीचे आहेत तितक्यांना विचारलं. खुर्च्यावाला कोणालाच माहीत नाही.

एवढंच म्हणतो: तो भाग दादाच्या हातातला आहे. तो त्या माणसाला हायवेकडे घेऊन गेला, तर आपल्याला कधी कळणारही नाही. घराकडे आला, तर कळेल. शिव्या घालायच्या तर घाला, पण लिहा.

भावजी


१९ एप्रिल

भावजी,

शिव्या राहू द्या.

मी मागे चादरी वाळत घालत होते. पुढे हॉर्न वाजला नाही, नुसती टिकटिक आली, चादरींच्या रांगांमधून. पुढे आले. दारात एक पिकअप उभी, मागे खुर्च्या पाय वर करून रचलेल्या. ड्रायव्हर काचेतून मान बाहेर काढून म्हणाला, "ताई, हे शाळेचं गोदाम नाही ना?"

"नाही," म्हटलं. "कुठून आलात?"

कपाळ पुसत सांगू लागला. सकाळी तुमच्या दादांच्याच डेपोत माल भरला. फाटकातून डावीकडे वळला, तेव्हाचा डावा दिवा लागून राहिला. त्याला फाट्यावरही डावीकडेच जायचं होतं, हायवेला, म्हणून त्याने तो तसाच राहू दिला. फाटा आला आणि दांडी आपणहून उजवीकडे गेली. त्याने हसून परत डावीकडे केली. परत उजवीकडे. "अहो, मागून ट्रकवाला ओरडतोय, काय करू? वळलो शेवटी. पुढे म्हणाल तर प्रत्येक वळणावर तीच सांगत होती, मी आपला बायकोचं ऐकावं तसा ऐकत आलो. वाईट रस्ता आहे हो तुमचा."

बोलता बोलता दांडी मागे आली. टक्. तो बघतच राहिला. मी पण बघितली, टोकावरचा खळगा ओळखीचा होता.

"पत्ता चुकलो वाटतं," म्हणाला.

"चुकला नाहीत," म्हटलं.

पाणी दिलं. बॉनेटवर हात ठेवून बघितला. पार तापलं होतं. तो गेला, फाट्याकडे, आता दिवाही नाही आणि टिकटिकही नाही. मी फाटक लावून घेतलं. वर्षभर उघडंच असायचं, हे मला ते लावताना कळलं. तुम्ही म्हणालात ते खरं होतं, दिवा मागचंच सांगत होता. पुढचं आता कळलं.

आत आले तर पुढच्या खोलीतली वेताची खुर्ची करकरली, कोणी पाठ टेकल्यावर करकरते तशी. मी तिकडे गेले नाही. स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय.

फोन करायचा तर करा, आता उचलीन. फक्त हळू बोला. तुमचे दादा दमून आलेत.

वहिनी